अर्ध्या किलोचे ओझे : उकुलेले आणि वाजवणाऱ्याचा हात

यंदाच्या आपल्या सांस्कृतिक कार्यक्रमांच्या पत्रिकेत घुमट आरती, नाट्यगीते आणि बालनाट्य यांच्या जोडीला ‘उकुलेले वृंद’ अशी एक नवी ओळ आली आहे. मंडळाच्या सभेत ती वाचली गेली तेव्हा ज्येष्ठ सभासदांपैकी निम्म्यांनी “हे काय असते?” असे विचारले आणि उरलेल्यांनी “गिटारचे पिल्लू” असे उत्तर दिले. उत्तर चूक नाही, अपुरे आहे. म्हणून या वाद्याची हकिगत स्मरणिकेत लिहावी असे ठरले आणि ते काम आमच्याकडे आले. आम्ही संगीतातले जाणकार नव्हे. स्थापत्य शाखेची पदविका, सार्वजनिक बांधकाम खात्यातली नोकरी, आणि कोणतीही वस्तू दिसली की ती कशावर टेकली आहे हे आधी पाहायची जुनी खोड. उकुलेलेचा इतिहास वाचतानाही आमची नजर तिथेच गेली. हे वाद्य कशावरच टेकलेले नसते. ते वाजवणाऱ्याच्या कोपराखालच्या हातानेच धरून ठेवलेले असते, आणि त्या हाताचे दुखणे हा या वाद्याच्या इतिहासाचा सहसा न सांगितला जाणारा भाग आहे.

सुरुवात अटलांटिक महासागरातल्या मदेरा या पोर्तुगीज बेटावर होते. तिथे ‘माशेत’ किंवा ‘ब्रागिन्या’ नावाचे चार तारांचे, हातभर लांबीचे वाद्य घरोघर वाजत असे. बेटाची उपजीविका द्राक्षांवर. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला मळ्यांवर आधी बुरशी पडली, मग १८७० च्या दशकात मुळे खाणारी कीड आली आणि माणसे देशोधडीला लागली. त्याच वेळी पॅसिफिक महासागरातल्या हवाई बेटांवर उसाच्या मळ्यांना मजूर हवे होते. करारावर सह्या झाल्या आणि ‘रेव्हन्सक्रॅग’ नावाचे जहाज चारशेहून अधिक माणसे घेऊन फुंशाल बंदरातून निघाले. दक्षिण अमेरिकेच्या टोकाला वळसा घालून, चार महिन्यांनी, २३ ऑगस्ट १८७९ रोजी ते होनोलुलूला लागले. प्रवाशांमध्ये मान्युएल नुनीस, आगुस्तो दियस आणि जुझे दु इस्पिरितु सांतु हे तिघे सुतार होते आणि जुवांव फर्नांडिस हा हौशी वादक होता. नावे वाचून ही माणसे आपल्याच वाड्यावरची वाटावीत. मदेरा आणि गोवा तेव्हा एकाच राजवटीखाली होते, त्यामुळे आडनावे तरी तीच.

जहाज लागल्यावर दोन आठवड्यांच्या आतच होनोलुलूच्या वृत्तपत्राने या नव्या लोकांच्या रात्रीच्या रस्त्यावरील मैफलींची दखल घेतली. मळ्यांवरचे करार संपल्यावर तिघे सुतार शहरात आले आणि १८८० च्या दशकात त्यांनी वाद्ये बनवायला सुरुवात केली. लाकूड तिथलेच घेतले, ‘कोआ’ नावाच्या झाडाचे. आकार माशेतचा ठेवला आणि सुरांची जुळणी मदेराच्याच ‘राजांव’ या पाच तारांच्या वाद्याची घेतली, एक तार वगळून. म्हणून उकुलेलेची वरची तार खालच्या दोन तारांपेक्षाही उंच सुरात बोलते. हवाईचा राजा कालाकाउआ संगीताचा षौकीन. त्याने या वाद्याला दरबारात जागा दिली, आणि १८८६ साली त्याच्या पन्नाशीच्या उत्सवात हुला नृत्याच्या साथीला ते वाजले. परक्या मजुरांनी आणलेले वाद्य दहा वर्षांच्या आत त्या देशाचे स्वतःचे झाले, ही गोष्ट आम्हाला विलक्षण वाटते. हार्मोनियमला आपल्याकडे आकाशवाणीच्या दारातही किती वर्षे उभे राहावे लागले ते आपण जाणतोच.

‘उकुलेले’ या नावाचा सर्वांना माहीत असलेला अर्थ ‘उड्या मारणारी पिसू’, कारण वाजवणाऱ्याची बोटे तशी उड्या मारतात. हवाईची शेवटची राणी लिलिउओकलानी मात्र त्याचा अर्थ ‘इथे आलेली भेट’ असा सांगत असे. १८९३ साली अमेरिकी बागाईतदारांनी आणि व्यापाऱ्यांनी तिचे राज्य उलथवले, १८९८ साली बेटे अमेरिकेला जोडली गेली. भेट या शब्दातली व्यथा तेव्हापासूनची असावी, असे आम्ही आपले मानतो.

आता वाद्याच्या बांधणीकडे. गिटारच्या कमरेला खाच असते, ती मांडीवर बसते आणि पेटीचे वजन मांडी घेते. सर्वांत जुन्या, ‘सोप्रानो’ आकाराच्या उकुलेलेची लांबी एकवीस इंच आणि वजन अर्ध्या किलोच्या आतबाहेर. मांडीवर ठेवले तर ते इतके खाली जाते की वाजवताना पाठीला बाक येतो. म्हणून ते छातीच्या खाली, बरगड्यांशी धरायची पद्धत पडली. उजव्या हाताचा कोपराखालचा भाग पेटीला अंगाशी दाबून धरतो, आणि डाव्या हाताचा अंगठा व तर्जनी मानेला खालून आधार देतात. म्हणजे दोन टेकू. पण हे दोन्ही टेकू कामावर आहेत. उजवा हात दाबून धरत असतानाच त्याच्या मनगटाने तारा छेडायच्या, आणि डाव्याने मान उचलून धरत असतानाच त्याच्या बोटांनी पडद्यांवर धावायचे. बांधकामावर आम्ही कोणत्याही गवंड्याला “एका हाताने मचाण धर आणि त्याच हाताने थापी चालव” असे सांगणार नाही. बाप्पाला चार हात आहेत. त्याने दोन हातांनी धरून दोन हातांनी वाजवले तर शोभते. आपल्याला दोनच.

अर्धा किलो म्हणजे काय मोठे, असे वाटेल. पाण्याने भरलेला तांब्या हात पुढे करून दहा मिनिटे धरून पाहावा. ओझे किती यापेक्षा ते किती वेळ आणि कशा स्थितीत धरले यावर हाताचे थकणे ठरते. त्यात शरीराची एक रचना अशी की बोटे हलवणारे मोठे स्नायू बोटांत नसतातच. ते कोपर आणि मनगट यांच्या मध्ये असतात आणि लांब दोऱ्यांनी, ज्यांना डॉक्टर कंडरा म्हणतात, बोटे ओढतात. डाव्या हाताने उजव्या हाताचा कोपराखालचा मांसल भाग धरून उजवी बोटे हलवली की आतली हालचाल लगेच हाताला लागते. नेमक्या याच भागावर उकुलेलेची कड दाबली जाते. कड दाबणार, आतला स्नायू ताणलेला राहणार, आणि त्याच स्नायूने मिनिटाला शंभर वेळा हात हलवायचा. दुखेल नाही तर काय होईल?

हे दुखणे उकुलेलेपेक्षा फार जुने आहे. इटलीत बर्नार्दिनो रामाझ्झिनी नावाचे वैद्य होऊन गेले. कोणत्या धंद्याने कोणता रोग होतो यावर त्यांनी १७०० साली मोदेना इथे एक ग्रंथ छापला आणि १७१३ च्या वाढवलेल्या आवृत्तीत लेखनिकांवर, म्हणजे आमच्या जातकुळीच्या लोकांवर, प्रकरण घातले. त्यांनी कारणे तीन दिली : सतत बसणे, हाताची तीच ती हालचाल, आणि हिशेब चुकू नये म्हणून मनावर असलेला ताण. तिसरे कारण वाचून आम्ही त्या वैद्याला मनोमन नमस्कार केला. त्यांच्या ओळखीच्या एका नोटरीची हकिगत त्यात आहे. जन्मभर लिहून त्याचा उजवा हात आधी थकू लागला, मग पार लुळा पडला. त्याने डाव्या हाताने लिहायचा सराव केला, तर काही काळाने डाव्यालाही तेच झाले. आपल्याकडच्या पोर्तुगीज काळातल्या नोटरींच्या जाड वह्या ज्यांनी चाळल्या आहेत, त्यातले ते पानोपानी एकसारखे तिरके अक्षर ज्यांनी पाहिले आहे, त्यांना या गोष्टीचा अंदाज येईल. ती अक्षरे लिहिणाऱ्यांचे हात म्हातारपणी कसे होते हे कोणत्याही वहीत नोंदलेले नाही.

टाइपरायटर, तारयंत्र आले तशी दुखण्याची नवी नावे आली. ब्रिटनमध्ये तार खात्यातले कर्मचारी हात आखडतो अशी तक्रार करू लागले तेव्हा प्रथम त्यांना नाजूक, घाबरट ठरवले गेले. अखेर १९०८ साली ‘तारवाल्यांचा पेटका’ हा नुकसानभरपाईस पात्र आजारांच्या यादीत आला. कर्मचाऱ्याच्या हाताचे दुखणे सरकारदरबारी खरे ठरायला इतका काळ लागतो, हे आमच्या पेशातल्या कोणालाही नवे वाटणार नाही.

संगीतात तर दुखणे हे मेहनतीचे प्रमाणपत्रच मानले गेले. १८१४ साली लोजिए नावाच्या शिक्षकाने पियानोवर हात ठराविक स्थितीत अडकवून ठेवणाऱ्या लाकडी सांगाड्याचे पेटंट घेतले, आणि तो युरोपभर खपला. जर्मन संगीतकार रॉबर्ट शुमान याने तरुणपणी बोटांना बळ यावे म्हणून अशाच एका यंत्राचा उपयोग केला. १८३२ च्या सुमारास त्याच्या उजव्या हाताचे मधले बोट निकामी झाले आणि पियानोवादक होण्याचे स्वप्न संपले. दोष यंत्राचा, अति सरावाचा की आणखी कशाचा, यावर वाद चालूच आहे. त्याची पत्नी क्लारा ही त्या काळातली मोठी पियानोवादक. तिच्याही हाताला दुखणे जडले, १८७३ ते १८७५ च्या दरम्यान बराच काळ तिने जाहीर वादन बंद ठेवले, उपचार घेतले आणि पुन्हा व्यासपीठावर आली. नंतर अनेक वर्षे ती वाजवत होती. नवऱ्याची गोष्ट सगळे सांगतात, कारण तीत शोकांतिका आहे. बायकोची कोणी सांगत नाही. आमच्या मते शिकणाऱ्या मुलांना दुसरी गोष्ट आधी सांगावी.

१८८७ साली लंडनचे डॉक्टर जॉर्ज व्हिव्हियन पूअर यांनी पियानोवादकांच्या हाताच्या दुखण्यांवर दिलेले व्याख्यान वैद्यकीय नियतकालिकात छापून आले आणि या विषयाला शास्त्राचा दर्जा मिळायला लागला. त्यानंतर शंभर वर्षांनी, १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात, अमेरिकेतल्या ४८ वाद्यवृंदांची पाहणी झाली. उत्तरे देणाऱ्या २,२१२ व्यावसायिक वादकांपैकी ७६ टक्क्यांनी वादनावर परिणाम करणारा निदान एक तरी शारीरिक त्रास सांगितला. हे सगळे उत्तम गुरूंकडे शिकलेले, रोजच्या पोटापाण्यासाठी वाजवणारे लोक.

वैद्य आपल्या जागी लिहीत होते तोवर काही वादकांनी प्रश्न आपल्या पद्धतीने सोडवला. ‘हाताने धरायचेही आणि वाजवायचेही’ हे त्यांना मान्य नव्हते. जर्मन व्हायोलिनवादक लुई श्पोर याने १८२० च्या सुमारास हनुवटी टेकवायचा लाकडी तुकडा वाद्याला जोडला. व्हायोलिन हनुवटी आणि खांदा यांत पक्के बसले आणि डावा हात मोकळा धावू लागला. बेल्जियमच्या सर्वे याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात चेलोला खाली खुंटी लावायची पद्धत रूढ केली. तोवर ते मोठे वाद्य गुडघ्यांत आवळून धरत असत. स्पेनच्या दियोनिसियो आग्वादो याने १८३० च्या दशकात गिटारसाठी चक्क तिपाई बनवली. गिटार तिपाईवर, माणूस मोकळा! ती फार चालली नाही, कदाचित गिटारवाल्याने गिटार मिठीत घेतलेली पाहायची लोकांना सवय होती म्हणून. पण विचार पक्का होता.

आपल्याकडे ही अक्कल न बोलता रुजलेली आहे. वारकऱ्यांच्या सप्ताहात वीणेकरी वीणा हातात धरत नाही, ती गळ्यात घालतो. ‘वीणा गळ्यात आली’ असा शब्दप्रयोगच आहे. खांद्यावरून आलेला पट्टा वजन घेतो, म्हणून तासन् तास उभे राहूनही एका हाताला तार छेडता येते. आपले घुमटही उभ्याने वाजवायचे तर दोरीने गळ्यात अडकवलेले असते. डाव्या हाताने मागचे तोंड उघडझाप करायचे, उजव्याने चामड्यावर थाप द्यायची. मडके पेलायचे काम दोघांकडेही नाही. मातीचे मडके आणि त्यावर ताणलेले कातडे. पूर्वी घोरपडीचे कातडे वापरत, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला बंदी आल्यावर बकऱ्याचे आले. २०१९ साली राज्य सरकारने घुमटाला गोव्याचे वारसा वाद्य म्हणून घोषित केले. त्या गौरवात दोरीचा उल्लेख कोणी केला नसेल, पण चवथीच्या रात्री घराघरांतून फिरणारी आरती त्या दोरीवर चालते.

मग उकुलेलेला पट्टा का आला नाही? आमचे उत्तर असे की हे वाद्य फार लवकर आणि गुरूंशिवाय पसरले. १९१५ साली सॅन फ्रान्सिस्कोमध्ये पनामा कालव्याच्या निमित्ताने जागतिक प्रदर्शन भरले. तिथल्या हवाई दालनातले संगीत ऐकून अमेरिकेला वेड लागले. दुसऱ्याच वर्षी गिटार बनवणाऱ्या मार्टिन कंपनीने उकुलेले बाजारात आणले, होनोलुलूत सॅम्युएल कामाका यांनी आपला कारखाना काढला. १९२० च्या दशकात मे सिंघी ब्रीन या वादिकेने गाण्यांच्या छापील प्रतींवर उकुलेलेची बोटे कुठे ठेवायची याच्या चौकटी छापून घ्यायला प्रकाशकांना भाग पाडले. चार रेघा, चार ठिपके. ते बघून कोणीही घरबसल्या गाणे वाजवू शकत असे. लोकशाहीच्या दृष्टीने ही मोठीच गोष्ट. पण बोट कुठे ठेवायचे हे त्या चौकटीत कळते, मनगट किती वाकवायचे ते कळत नाही. सतारीच्या शागिर्दाला पहिले कित्येक दिवस नुसती बैठक शिकवतात, ते का, याचा उलगडा आम्हाला इथे झाला.

इंग्लंडमध्ये जॉर्ज फॉर्म्बी हा विनोदी गायक नट बँजोच्या पेटीचे उकुलेले घेऊन १९३० च्या दशकात पडदे गाजवत होता. त्याच्या मनगटाची लवचीक, तुटक लयीची फेक आजही लोक शिकू पाहतात, आणि बहुतेक जण ती मनगटाऐवजी कोपरातून मारतात. १९५० साली अमेरिकेत आर्थर गॉडफ्री याने दूरचित्रवाणीवरून उकुलेलेचे धडे दिले. त्याच सुमारास बाजारात प्लास्टिकचे स्वस्त उकुलेले आले आणि लाखोंनी विकले गेले.

ते प्लास्टिकचे वाद्य बनवणारा माणूस या साऱ्या हकिगतीत आम्हाला सर्वांत जवळचा वाटतो. मारियो माकाफेर्री, जन्म इटलीतल्या चेंतो गावचा, १९०० सालचा. वाद्य बनवणे शिकलेला आणि मैफलीत गिटार वाजवणाराही. पॅरिसच्या सेल्मर कंपनीसाठी त्याने आखलेली गिटार १९३२ साली आली. जँगो राइनहार्ट ज्या जातीच्या गिटारवर गाजला ती हीच. जँगोची डाव्या हाताची दोन बोटे आगीत निकामी झालेली होती आणि तो उरलेल्या बोटांनी वाजवत असे, हा आणखी एक योगायोग. १९३३ साली पोहण्याच्या तलावात झालेल्या अपघातात माकाफेर्रीचा उजवा हात जायबंदी झाला आणि मैफलीतले वादन संपले. मग त्याने अमेरिकेत सनई-क्लॅरिनेटसारख्या वाद्यांच्या प्लास्टिकच्या पट्ट्या बनवल्या, कपडे वाळत घालायचे चिमटे बनवले, आणि शेवटी उकुलेले. स्वतःचा हात गमावलेल्या वादकाने लाखो पोरांच्या हातात वाद्य दिले.

दरम्यान वाद्य मोठे होत गेले. सोप्रानोनंतर ‘कॉन्सर्ट’ आणि ‘टेनर’ १९२० च्या दशकात आले, ‘बॅरिटोन’ १९४० च्या दशकाच्या अखेरीला. हे आकार आवाज वाढावा म्हणून केलेले. पण टेनरची पेटी मांडीवर बऱ्यापैकी बसते, हा फायदा न मागता मिळाला. पट्ट्याला मात्र हवाईत आणि बाहेरही बराच काळ नाके मुरडली गेली. पट्टा लावला की ते ‘अस्सल’ राहत नाही म्हणे. इझ्रायल कामाकाविवोओले या हवाईच्या गायकाने १९८८ साली रात्री उशिरा एका बैठकीत ध्वनिमुद्रित केलेले आणि १९९३ साली प्रसिद्ध झालेले गाणे आता जगभर माहीत आहे. प्रचंड देहाचा तो माणूस, त्याच्या छातीवर ते इवलेसे वाद्य. त्याचे चित्र पाहणाऱ्याला वाटते, याला धरावे लागतच नसणार. दहा वर्षांच्या मुलीच्या बारीक हाताचे गणित वेगळे आहे.

आपल्या वृंदात अशीच सात मुले आहेत, चौथीपासून नववीपर्यंतची. जूनमध्ये सराव आठवड्यातून दोनदा, अर्धा तास असे. नारळी पौर्णिमेनंतर तो रोज दोन तासांवर गेला आणि त्याच आठवड्यात आठवीतल्या एका मुलीने हात दुखतो म्हणून येणे बंद केले. आधी ती ज्या खासगी वर्गात शिकली तिथे तिला “सवय होईल, बोटांना घट्टे पडू देत” असे सांगितले होते. घट्टे कातडीला पडतात आणि ते पडावेतच, तारेचे टोचणे त्यांनी थांबते. पण तिला दुखत होते कोपराजवळ, बाहेरच्या बाजूला, आणि सकाळी कंगवा धरतानाही. त्याला घट्टे पडत नाहीत. मुलीच्या आईने मंडळात विचारले की वृंदातून नाव काढायचे का. ती मुलगी सातही जणांत सर्वांत सुरेल, हे सगळ्यांना माहीत होते.

आम्ही आणि आमच्या शेजारच्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी मिळून एका संध्याकाळी सातही मुलांना वाजवताना पाहिले. एक साधी परीक्षा केली. मुलांना वाजवता वाजवता दोन्ही हात उचलायला सांगितले. सातपैकी सहा वाद्ये मांडीवर कोसळली. म्हणजे हात उचलेपर्यंत ती सहा वाद्ये नुसत्या दाबाने टिकून होती. तेव्हाच पट्टे आणायचे ठरले. पट्ट्याने वाद्य छातीवर स्थिर राहिल्यावर उजव्या हाताला फक्त टेकायचे राहते, आणि तेही मनगटाजवळ न टेकता कोपराच्या अलीकडच्या मांसल भागाने, कडेवर भार न देता. मनगट सरळ रेषेत, झटका मनगटाच्या फिरण्यातून, जसा ओला हात झटकतो तसा. काही नव्या वाद्यांची वरची कड कारागीर तासून गोल करतात ती याचसाठी. आमच्याकडे तशी नव्हती, म्हणून दोन मुलांनी पूर्ण बाह्यांचा सदरा घालायला सुरुवात केली आणि तेवढ्यानेही कड टोचायची थांबली.

डाव्या हाताचा प्रश्न वेगळा निघाला. पट्टा नसताना मान घसरू नये म्हणून मुले अंगठ्याने ती आवळत होती. अंगठा मागून जितका दाबेल तितकीच बोटेही पुढून दाबतात, मग तारेला लागणाऱ्या जोराच्या दुप्पट-तिप्पट जोर लागतो. त्यात त्यांच्या एका गाण्यात बी-फ्लॅटची पकड होती, ज्यात एकच बोट दोन तारांवर आडवे ठेवून बाकीची बोटे पुढे न्यायची. नवशिक्यांना ती जड जाते. गाण्याची पट्टी बदलली, पकड गेली, आणि गाणे मुलांच्या गळ्यालाही सोयीचे झाले. तारा पडद्यांपासून फार उंच असलेली दोन स्वस्त वाद्ये दुकानातून खाली करून आणली. सराव आता वीस मिनिटांचा, मग दहा मिनिटे चालणे-फिरणे, मग पुन्हा वीस. एकूण वेळ आठवड्याला थोडा थोडाच वाढवायचा, एकदम दुप्पट नाही. दुखले की त्या दिवशी थांबायचे. ज्या मुलीचे दुखत होते तिने दोन आठवडे वाद्याला हात लावला नाही. ती तालाला कांसाळे घेऊन बसत होती, आणि बाईंनी सांगितलेले हाताचे सौम्य व्यायाम करत होती. आता ती दहा-दहा मिनिटे वाजवते. कार्यक्रमात ती दोन गाणी वाजवेल, सहा नाही. बोटांना मुंग्या येणे, बधिरता, रात्री दुखून जाग येणे यांतले काही झाले तर मात्र घरचे उपाय न करता डॉक्टरांकडे जावे, एवढे पालकांना लिहून दिले आहे.

पट्ट्यांबद्दल चौकशी होते म्हणून थोडे सांगतो. दोन प्रकार मिळतात. एक आकड्याचा : गळ्यातून पेटीखालून येऊन नादछिद्राच्या कडेला अडकतो. त्याला भोक पाडावे लागत नाही, पण हात पूर्ण सोडले तर वाद्य पुढे कलते, म्हणून तो अर्धाच आधार. दुसरा दोन बटणांचा, एक पेटीच्या तळाला आणि एक मानेच्या मुळाशी. हा खरा पक्का. तळाला बटण लावण्याआधी आत लाकडी ठोकळा आहे ना हे नादछिद्रातून आरसा घालून पाहावे. काही स्वस्त वाद्यांत तो फार लहान असतो आणि नुसत्या प्लायवर स्क्रू धरत नाही. गिरमिट स्क्रूच्या जाडीपेक्षा बारीक घ्यावे, स्क्रूला थोडे मेण लावावे. आपल्या मुलांचे पट्टे म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून आणलेल्या सुती निवारीचे आहेत, रुंदी दीड इंच. दोन मातांनी ते शिवले, एका पट्ट्याला सरासरी सव्वा मीटर निवार लागली. लांबी कमी-जास्त करायला बॅगेची बकलेच वापरली आहेत, कारण पुढच्या चवथीपर्यंत मुले वितभर वाढलेली असतील.